तात्या जमादारांच्या तीन रेघा

परवा सकाळी वर्तमानपत्रात एक तक्ता आला होता. देशातले गुन्हे, राज्यातले गुन्हे, कुठलं राज्य चढलं, कुठलं उतरलं. माझी सून चहा घेता घेता म्हणाली, "आई, आपलं राज्य वर गेलंय बघा. काय दिवस आलेत!" मी डोळे मिटून घेतले. तिला वाटलं मला चक्कर आली, ती पाणी आणायला धावली. आता तिला काय सांगायचं? असा तक्ता समोर आला की आधी डोळे मिटायचे, ही खोड मला तात्या जमादारांनी लावली. त्या खोडीला पन्नास वर्षं होत आली, तरी जात नाही.

मी सांगलीच्या गावभागातली. सत्तरच्या दशकात टंकलेखनाची परीक्षा पास होऊन साताऱ्याला नोकरीला लागले, ती एका विचित्र शाखेत. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या गुन्ह्यांचे आकडे दर महिन्याला गोळा करायचे, ते राज्याच्या आणि देशाच्या आकड्यांशी ताडून बघायचे आणि त्यावर टिप्पणी लिहून वर पाठवायची, एवढ्यासाठी तात्पुरती उघडलेली ती शाखा होती. पुढं ती बंदही पडली, त्यामुळं तिचं नावगाव सांगण्यात अर्थ नाही. एका जुन्या सरकारी इमारतीची मागची खोली. खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. दुपारी उन्हाच्या झळांत किल्ला पाण्यात असल्यासारखा हलायचा, आणि आत आम्ही दोघं: मी टाईपरायटरपाशी आणि तात्या भिंतीपाशी.

तात्यांचं मूळ गाव कुंडलच्या बाजूला. उंच, काळेसावळे, खाकी कपडे धुऊन धुऊन पांढुरके झालेले. खुर्चीवर मांडी घालून बसायचे आणि वहाणा टेबलाखाली अशा जोडून ठेवायचे की देवळाच्या दारात काढल्यात असं वाटावं. उजवा पाय ओढत चालायचे, म्हणूनच पोलीस ठाण्यातून उचलून त्यांना आकड्यांत आणून बसवलं होतं. मी पहिल्याच आठवड्यात भाबडेपणानं विचारलं, "चोराचा पाठलाग करताना पडलात का?"

"चोर म्होरं हुता खरा," तात्या म्हणाले, "पर त्येला कुटं म्हाईत हुतं म्या मागं हाय त्ये. सायकलीची साखळी पडली आन म्या पडलो. त्यो गेला निवांत."

मला आकड्यांचा मनापासून कंटाळा. महिन्याच्या सुरुवातीला ठाण्याठाण्यांची विवरणपत्रं टपालानं यायची आणि ती टाईप करताना मला जांभया यायच्या. तात्यांचं उलट. ते एकेक विवरणपत्र हातात घेऊन आकडा पुटपुटायचे आणि डोळे मिटायचे. मिनिटभर तसेच. मग "दिसलं" म्हणायचे आणि पुढच्या ओळीवर जायचे. घरफोडी असली तर त्यांना घर दिसायचं. चोरी असली तर रिकामा गोठा, उचकटलेली पेटी, परसातलं मोकळं दावं. दोन्ही जिल्ह्यांत त्यांची इतकी वर्षं भटकंती झालेली की गावाचं नाव घेतलं की त्यांच्यापुढं वेस उभी राहायची. ते दिसेपर्यंत आकडा रजिस्टरात चढायचा नाही. मी वैतागायचे. "तात्या, टपाल निघायचंय!" म्हटलं की ते डोळे न उघडता म्हणायचे, "जरा थांबा बाई, अजून उंबऱ्यापतुर आलो न्हाई."

टेबलावर काचेखाली दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा होता. ज्या ठाण्याचं विवरणपत्र आलं, त्या ठाण्यावर ते एक भाजलेला शेंगदाणा ठेवायचे. सगळी ठाणी भरली की ते दाणे आम्ही दोघं खायचो आणि मगच टिप्पणी सुरू व्हायची. एखाद्या ठाण्यानं सगळ्या रकान्यांत शून्य पाठवलं तर तिथं मात्र दाणा ठेवत नसत. मी म्हटलं, "शून्य म्हणजे चांगलंच की. गुन्हाच नाही."

"न्हाई बाई," ते म्हणाले, "शून्य आलं की मला भ्या वाटतं. एवढी माणसं ऱ्हात्यात, आन महिनाभर कुणाचं कायबी गेलं न्हाई? कोनतरी गप बसलंय." मग ते त्या गावावर बोट ठेवून खूप वेळ बसून राहायचे.

भिंतीवर त्यांनी खळीनं आलेखाचा मोठा कागद चिकटवला होता. त्यावर तीन रेघा: हिरवी देशाची, निळी राज्याची आणि लाल आपल्या दोन जिल्ह्यांची. दर लाख वस्तीमागं किती गुन्हे, या हिशेबानं तिन्ही एकाच मापात आणलेल्या. हे गणित त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मॅट्रिकही नव्हते ते. राज्याचा आकडा वेळेवर यायचा, देशाचा मात्र दिल्लीहून जाड पुस्तकातून यायचा आणि तेही दीड-दोन वर्षं उशिरा. त्यामुळं हिरवी रेघ नेहमी मागं रेंगाळलेली असे.

ते पुस्तक आलं की तात्यांचा सण असायचा. हात धुऊन येत, पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घालत आणि दुपारभर पानं उलटत. त्यात आमच्या जिल्ह्यांचं नावसुद्धा नसायचं, फक्त राज्याची बेरीज. एकदा बोट एका भल्यामोठ्या आकड्यावर ठेवून ते इतके प्रसन्न हसले की मी टाईप थांबवून विचारलं, काय झालं.

"ह्यो सगळ्या देशातल्या चोऱ्यांचा आकडा. ह्यात आपल्या शिराळ्याची म्हस हाय."

मी खो खो हसले. दोन वर्षांपूर्वी शिराळ्याकडच्या एका म्हाताऱ्याची म्हैस चोरीला गेली होती आणि तात्यांनी तिची नोंद करताना बराच वेळ डोळे मिटले होते, एवढं मला आठवत होतं.

"हसू नका, बाई. त्यो म्हातारा ठाण्यात आला न्हवं का, म्हणून ती दिल्लीपतुर गेली. न्हाईतर ती कुणालाच दिसली नसती. एकानं बी कमी असता तर ह्यो आकडा खोटा झाला असता."

त्या दिवशी संध्याकाळी खोलीवर परतताना माझ्या मनात उगाचच ती म्हैस चालत होती, दिल्लीच्या एखाद्या रुंद रस्त्यानं, गळ्यात तुटकं दावं घेऊन. मला तोवर देश म्हणजे शाळेतला नकाशा वाटायचा. त्या संध्याकाळपासून मी टाईप करताना चुका कमी करायला लागले.

आता ज्या गोष्टीमुळं तात्या माझ्या मनात कायमचे बसले, ती सांगते. आमच्या लाल रेघेला एक खोड होती. निळी आणि हिरवी रेघ वर्षभर साधारण एका चालीनं जायच्या. लाल रेघ मात्र दर वर्षी दोनदा उसळी घ्यायची: एकदा चैत्र-वैशाखात आणि एकदा दिवाळीच्या सुमाराला. आमचे नवे साहेब बाहेरगावाहून आलेले, शिकलेले, भले गृहस्थ. त्यांनी ती उसळी बघितली आणि दोन दिवस तिच्यामागं लागले. तिसऱ्या दिवशी हर्षानं खोलीत आले. त्यांना कारण सापडलं होतं. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत घरटी एक पोरगा फौजेत, आणि फौजी रजेवर येतात ते यात्रेच्या दिवसांत नाहीतर दिवाळीला. गावागावांचा हिशेब मांडून त्यांनी दाखवलं की जिथं फौजी जास्त, तिथं उसळी मोठी.

"राज्यात नाही, देशात नाही, इथंच का? कारण इथं फौजी आहेत," साहेब म्हणाले. "रजेवर आलेल्या प्रत्येकानं आठवड्यातून एकदा ठाण्यात हजेरी द्यायची, असा प्रस्ताव वर पाठवू. जमादार, आकडे खोटं बोलत नाहीत."

"न्हाई बोलत साहेब," तात्या हळू म्हणाले. "पर इचारलं तेवढंच बोलत्यात."

साहेबांनी मला प्रस्ताव टाईप करायला दिला. तात्यांचा थोरला, सुभाष, फौजेत होता. चैत्रात येणार म्हणून त्याचं पत्र आलेलं मीच त्यांना वाचून दाखवलं होतं, कारण त्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. रजेवर आलेला मुलगा बापाच्याच खात्यात चोरासारखी हजेरी द्यायला जाणार, या विचारानं माझे हात टाईपरायटरवर थबकले. मी तात्यांकडं बघितलं. ते भिंतीवरच्या लाल रेघेकडं बघत होते आणि डोळे मिटलेले नव्हते. त्यांनी साहेबांकडं आठ दिवस मागून घेतले. आमच्या विवरणपत्रात गुन्हा कोणत्या महिन्यात नोंदला तेवढाच रकाना असायचा. गुन्हा घडला कधी, हे ठाण्याच्या मूळ फिर्यादीतच सापडणार होतं. ते बघून येतो, म्हणाले. आणि जाताना मला म्हणाले, "बाई, तुमी बी चला. बायामानसं माज्याशी न्हाई बोलायची."

माझ्या घरी कळवलं असतं तर नोकरी सुटली असती. कळवलं नाही. आम्ही एस.टी.नं इस्लामपूर गाठलं, तिथून दुसऱ्या गाडीनं पुढं निघालो. चैत्रातली दुपार, दोन्ही बाजूंना ऊस, पाटाचं पाणी, गाडीत गुलालानं माखलेली यात्रेकरू मंडळी डुलक्या काढत होती. मलाही झोप लागली. जागी झाले तेव्हा तात्या खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होते. प्रत्येक फाट्यावर ते एकेका गावाचं नाव घेत होते. त्या भागातल्या ठाण्यात त्यांनी उमेदीची अनेक वर्षं अंमलदार म्हणून काढली होती, म्हणजे तक्रार लिहून घेणारा जमादार म्हणून, हे मला तेव्हा कळलं.

ठाण्यात बसून त्यांनी फिर्यादी चाळल्या आणि मी तारखा उतरवून घेतल्या. तासाभरातच सगळं उघड झालं. चैत्रात नोंदलेली चोरी श्रावणातली निघत होती. दिवाळीत नोंदलेली घरफोडी शिमग्याची. गुन्हे वर्षभर सारखे सांडलेले होते, राज्यासारखे, देशासारखे. फक्त त्यांची नोंद फौजी घरी येईपर्यंत थांबत होती. मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "जिंकलो की तात्या!" ते म्हणाले, "साहेब इचारतील, इतकं दिस का थांबली मानसं? चला, एका घरी जाऊन येऊ."

गावाच्या कडेला पारूबाईचं घर होतं. साठीची बाई, कपाळावर मोठं गोंदण. श्रावणात ती शेतात भांगलायला, तण काढायला गेली असताना तिची तांब्यापितळेची सगळी भांडी चोरीला गेली होती आणि नुकतीच चैत्रात, मुलगा रजेवर आल्यावर, फिर्याद नोंदली होती. मुलगा अंगणात बसून बूट घासत होता. तो उठून ताठ उभा राहिला.

"तवाच का न्हाई आलीस, मावशी?" तात्यांनी विचारलं.

"आल्ते की! दुसऱ्याच दिशी आल्ते," पारूबाई म्हणाली. "म्हनले, घरातला गडी घिऊन ये. आता मालक जाऊन धा वरसं झाली, पोरगं तिकडं बर्फात. मग म्हनलं, यिऊ द्या त्येला."

"मी गेलो आन उभाच ऱ्हायलो," मुलगा म्हणाला. "फिर्यादीची कापी हातात पडल्याबिगर हलत न्हाई म्हनलो. दिली लिवून. आमच्या गावचं समदं फौजी असंच करत्यात. सुट्टी आली की आधी देव, मग ठाणं."

"हे गडी घेऊन यायचं कधीपासून सांगतात?" मी विचारलं.

"पयल्यापासनं, ताई. माझी शेरडं गेली हुती, ह्यो पोरगा पाळण्यात असंल. तवाचा जमादार लय ग्वाड मानूस. उंच हुता. मला बसाया सांगितलं, च्या पाजला, आन म्हनला, मावशी, घरातला गडी घिऊन या, मग लिवतो. मालक तवा मुंबईला गिरणीत. ऱ्हायलंच ते."

अंगणात लिंबाची सावली हलत होती. दूर यात्रेतली हलगी वाजत होती. तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मावशी," ते म्हणाले, "त्यो जमादार म्या."

पारूबाईनं पुढं वाकून त्यांचं तोंड निरखलं. मला वाटलं आता ही बाई त्यांना रागानं बोलणार, आणि बोलावं असंही वाटलं. ती हसली. "व्हय की वो! थकलासा. पर लय ग्वाड बोलला हुतासा, आजून ध्येनात हाय." आणि ती आत चहा टाकायला गेली.

तात्यांनी तो चहा घेतला, पण बशीतला अर्धा तसाच राहिला. परतीच्या गाडीत ते म्हणाले, "वरनं दर महिन्याला इचारायचं, गुन्हं का वाढलं. मग बाई एकली आली की तिला परत लावायची. वरडायचं न्हाई, च्या पाजायचा. गाव तेच शिकलं. ती उसळी म्याच घातलीया, बाई. आन नाव लागतंय पोरांवर." मी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. त्या माणसाचा मला रागही आला होता आणि त्यांचा हात धरावासाही वाटत होता. यातलं मी काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टिप्पणी सांगितली आणि मी टाईप केली. तारखांचा तक्ता, तीन रेघांचा नवा आलेख, ज्यात त्या ठाण्यापुरती लाल रेघ गुन्हा घडल्याच्या महिन्याप्रमाणं काढली होती. ती निळ्या रेघेला इतकी चिकटून जात होती की लांबून एकच रेघ वाटावी. शेवटच्या परिच्छेदात ते बोलीतून एकदम सरकारी मराठीत आले: "एकट्या स्त्रीची फिर्याद न नोंदविता तिला परत पाठविण्याची वहिवाट आहे. मी स्वतः अंमलदार असताना ही वहिवाट पाळली आहे. सबब रजेवरील जवानांना दोष देणे योग्य नाही."

साहेबांनी ती दोनदा वाचली. भला माणूस. म्हणाले, "जमादार, हे वर गेलं तर ठपका तुमच्यावर येणार. निवृत्तीला किती राहिलीत वर्षं? तो शेवटचा परिच्छेद काढून टाका. तारखा पुरेशा आहेत."

"नुसत्या तारखा बघून वरचं साहेब म्हंतील, मानसं खोट्या फिर्यादी करत्यात, आठ-आठ महिन्यांनी आठवतंय व्हय? त्या बायांजवळ साक्षीदार कोन? म्याच की."

साहेबांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग त्यांनी सही केली. पाठीमागं भिंतीवर तिन्ही रेघा दुपारच्या उजेडात फिकट झालेल्या. मला त्या वेळी तात्यांचा जो अभिमान वाटला, तो आजही तसाच आहे.

फौजींच्या हजेरीचा प्रस्ताव बारगळला. सुभाष आला, यात्रेत नाचला आणि परत गेला. त्याला यातलं काहीच कळलं नाही. तात्यांना मात्र सेवापुस्तकात ताशेरा मिळाला आणि शाखेतून उचलून पुन्हा ठाण्यावर पाठवण्यात आलं, त्याच ठाण्यावर, त्याच टेबलावर. शिक्षा म्हणून. निघताना मी म्हटलं, "तात्या, तुमचा पाय..." ते म्हणाले, "टेबलाशी बसाया पाय कशाला लागतोय, बाई? कान लागत्यात."

रेघा मग मी काढू लागले. वर्षभरात एक गोष्ट दिसायला लागली. तात्यांच्या त्या एका ठाण्याचा आकडा वाढत चालला होता. यात्रेत नाही, दिवाळीत नाही, दर महिन्याला. राज्याच्या सरासरीच्या वर गेला, मग देशाच्याही वर गेला. साहेबांच्या जागी आलेल्या दुसऱ्या साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "या भागात एवढी गुन्हेगारी?" मी हसले, आणि ते माझ्यावर रागावले. त्यांना सगळं समजावून सांगायला मला दोन महिने लागले.

त्यानंतर तात्यांना मी एकदाच पाहिलं. माझं लग्न ठरलं होतं आणि मी नोकरी सोडून सांगलीला परत निघाले होते. वाटेत गाडीचं चाक पंक्चर झालं आणि ती नेमकी त्या ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर थांबली. भर दुपार. रस्ता, झाडं, पलीकडचा ऊस, सगळं उन्हात वितळल्यासारखं. ठाण्याच्या ओसरीवर तात्या होते. आपली खुर्ची त्यांनी समोर दिली होती आणि स्वतः बाकावर बसून मांडीवर रजिस्टर घेऊन लिहीत होते. खुर्चीत एक तरुण बाई होती, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. ती बोलायची, थांबायची. ती थांबली की तात्या डोळे मिटायचे आणि ती पुन्हा बोलेपर्यंत तसेच राहायचे, घाई न करता.

मी खिडकीतून हात बाहेर काढला होता, हाक मारणार होते. पण गाडी सुरू होईपर्यंत मी नुसती बघत राहिले. ओसरीवर, अंगणात, फाटकापाशी, मी सगळीकडं नीट बघितलं. त्या बाईबरोबर कुणीही आलेलं नव्हतं.